हत्ती गेला, शेपूट राहू देऊ नका

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण. बाहेरगावी असलेल्या समाजबांधवांपर्यंत पोहोचावे म्हणून येथे देत आहोत.)



दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. आज मात्र आम्ही मुद्दाम वेगळ्या मुलामुलींना बोलावले आहे. कोणी एलएल.एम.ला फौजदारी कायदा घेतला आहे, कोणी गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करीत आहे, कोणी फॉरेन्सिक सायन्समध्ये एम.एससी. ही मुले संख्येने थोडी आहेत, पण त्यांच्या शिक्षणाशी आपल्या सर्वांचा संबंध आहे. पोलीस ठाणे, न्यायालय आणि तुरुंग या तीन जागांवर सामान्य माणसाचे नशीब ठरते. तिथे कायदा जाणणारा आपला माणूस असावा की नसावा, हा समाजाच्या राजकारणाचा प्रश्न आहे.

आमचे म्हणणे एकच आहे. ही मुले पदवीच्या दारापर्यंत जातात आणि शेवटच्या सत्रात अडकतात. लेखी पेपर होतात, पण लघुशोधप्रबंध राहतो. प्रबंध कसाबसा होतो, तर एखादा बॅक पेपर राहतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी गत होते. हे शेपूट का अडकते आणि कसे काढायचे, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

आपला आणि न्यायदानाचा जुना संबंध

१७६० साली उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि १८६०च्या सुमारास इंग्रजी अमलाखाली गेले. आपल्यातील कित्येक घराणी त्या काळापासून तापीकाठी नांदत आहेत. त्या काळच्या कमाविसदाराच्या कचेरीत महसूल आणि फौजदारी वेगळी नव्हती. चोरी, मारामारी, दंड, जामीन यांचे कागद त्याच दप्तरात बांधले जात. काही घरांत अजून मोडी कागदांची गाठोडी आहेत. त्यांत जमिनीच्या सनदा असतील, तसे गुन्ह्यांच्या चौकशीचे कागदही असतील. ते कोणी वाचले नाहीत, कारण मोडी वाचणारे गेले आणि कायदा शिकणाऱ्यांना मोडी येत नाही.

१५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. पूर्वी प्रत्येक मोठ्या कामासाठी खंडव्याकडे पाहावे लागे. आता जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक आपल्या गावात बसतात. जिल्हा आला, कचेऱ्या आल्या, पण त्या कचेऱ्यांचा अभ्यास करणारी माणसे आपण किती तयार केली? पेशीची तारीख विचारायला आपण रोज कोर्टात जातो, पण पेशी पुढे का ढकलली जाते याची मोजदाद कोणी केलेली नाही. ती मोजदाद करणे हेच या मुलांच्या प्रबंधाचे काम आहे.

लेखी परीक्षा : एका वेळी दोन कायदे

आधी लेखी पेपरांविषयी. १ जुलै २०२४ पासून देशाचा फौजदारी कायदा बदलला. १८६०च्या भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. दंड विधानात ५११ कलमे होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खून म्हणजे ३०२ हे आपल्याकडे लहान मुलालाही पाठ होते, ते आता १०३ झाले. फसवणुकीचे ४२० हे ३१८मध्ये गेले. चोरीची शिक्षा ३७९मध्ये होती, ती ३०३मध्ये आली.

पण जुने पुस्तक रद्दीत टाकून चालणार नाही. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनेच दंड विधान लागू राहते. असे खटले आपल्या न्यायालयांत अजून कित्येक वर्षे चालतील. म्हणून आज परीक्षा देणाऱ्याला दोन्ही कायदे यायला हवेत, आणि कोणता केव्हा लागतो हेही सांगता यायला हवे. विद्यार्थ्यांनी एका वहीत डावीकडे जुने कलम, उजवीकडे नवे कलम आणि खाली बदल काय झाला याची एक ओळ, असा तक्ता स्वतःच्या हाताने करावा. बाजारात तयार तक्ते मिळतात, पण हाताने केलेला तक्ता डोक्यात राहतो. जुन्या गाईडवर विसंबून उत्तर लिहिणाऱ्याचे गुण इथेच जातात.

दुसरी अडचण भाषेची. आपल्या घरात मराठी, शाळेत हिंदी, ग्रंथालयातले संदर्भ इंग्रजीत, आणि निमाडी व उर्दू गल्लीत. जिथे हिंदीत उत्तरपत्रिका लिहिण्याची मुभा आहे तिथे ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात हिंदीच्या वापराला १९७१ सालीच मंजुरी मिळाली आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मूळ इंग्रजीत वाचण्याची सवय ठेवलीच पाहिजे. दिवसाला एक निकाल, तोही सगळा नाही, वादाचा मुद्दा आणि शेवटचा आदेश एवढा वाचला तरी वर्षभरात पुष्कळ होते.

प्रबंध : विषय आपल्या अंगणातला

आता खऱ्या शेपटाकडे येतो. अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांकडून ‘कॅपस्टोन’ हा शब्द ऐकू येतो. तिथल्या अनेक विद्यापीठांत क्रिमिनल जस्टिसच्या मास्टर्सला शेवटी एक पर्याय निवडायचा असतो. कोणी प्रबंध लिहितो, कोणी सर्व विषयांची एकत्रित परीक्षा देतो, तर कोणी एखाद्या प्रत्यक्ष प्रश्नावर प्रकल्प करतो. तोच कॅपस्टोन. आपल्याकडे एलएल.एम.ला बहुधा असा पर्याय नसतो, लेखी पेपर आणि लघुशोधप्रबंध दोन्ही करावे लागतात. त्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने एक वर्षाचा एलएल.एम. सुरू करण्याची वाट मोकळी केल्यापासून वेळ आणखी कमी झाला. पहिले सत्र संपेपर्यंत विषय ठरला नाही, तर मग तहान लागल्यावर विहीर खणणे होते.

विषय ठरत नाही, कारण तो फार मोठा घेतला जातो. ‘भारतातील फाशीची शिक्षा’, ‘सायबर गुन्हे : एक अभ्यास’ असे विषय घेऊन मुले दहा पुस्तकांतून पाने उचलतात आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. आम्ही आग्रहाने सांगतो, विषय लहान घ्या आणि आपल्या जिल्ह्याचा घ्या. चार विषय नमुन्यादाखल देतो.

पहिला विषय कच्च्या कैद्यांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे शंभरातले पंचाहत्तरहून अधिक लोक शिक्षा न होताच आत होते. नव्या सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि ज्याच्यावर एकाहून अधिक खटले चालू आहेत त्यालाही नाही. न्यायालयाकडे अर्ज पाठवण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हे कलम जुन्या खटल्यांतील कैद्यांनाही लागू होते. मग आपल्या भागातल्या तुरुंगातून असे किती अर्ज गेले, किती मंजूर झाले, आणि जामीनदार न मिळाल्याने किती जण आतच राहिले? एवढ्या तीन प्रश्नांवर उत्तम प्रबंध होतो.

दुसरा विषय साक्षीदाराच्या भाषेचा, आणि तो खास आपला आहे. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलला, तर शक्य असेल तेव्हा त्याच भाषेत साक्ष उतरवून घ्यावी आणि तिचे खरे भाषांतर जोडावे, असे सुरक्षा संहितेचे कलम ३१२ सांगते. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, असे कलम ३१४ सांगते. जुन्या संहितेतही हीच तरतूद २७७ आणि २७९ या कलमांत होती. आपल्या सीमेवरच्या गावांत मराठी बोलतात, डोंगराकडे कोरकू आणि भिली बोलतात. या माणसांची साक्ष कागदावर येते तेव्हा त्यांचे शब्द किती उरतात? तीस-चाळीस प्रकरणांची कागदपत्रे तपासली तरी चित्र स्पष्ट होईल. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी आपण निवेदने देतो, ठराव करतो. अशा एका प्रबंधाचे वजन दहा ठरावांपेक्षा जास्त पडेल.

तिसरा विषय एका खटल्याचा प्रवास. १८ जून २०१७ रोजी भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर आपल्याच जिल्ह्यातील मोहद गावातून पंधरा जणांना अटक झाली. पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केल्याचा आरोप होता आणि राजद्रोहाचे कलम १२४-अ लावले होते. ते कलम काही दिवसांतच मागे घेऊन १५३-अ लावण्यात आले. पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये बऱ्हाणपूरच्या न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. दरम्यान, मे २०२२मध्ये राजद्रोहाच्या कलमाचा वापर सर्वोच्च न्यायालयाने थांबवला होता, आणि नव्या संहितेत त्या कलमाऐवजी १५२ आले. कोणाला त्या वेळी काय वाटले, यावर वाद होऊ शकेल. विद्यार्थ्याने वादात न पडता कागद पाहावेत. गुन्हा कसा नोंदला, आरोपपत्रात काय होते, साक्षीत काय आले, आणि निर्दोष सुटायला सहा वर्षे का लागली? हा खटला देशभर चर्चिला गेला, पण त्याचा शांतपणे अभ्यास करायला बऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्याइतका जवळचा दुसरा कोण आहे?

चौथा विषय फॉरेन्सिकचा. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असे कलम १७६ म्हणते. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. आपल्या राज्याची मुख्य प्रयोगशाळा सागरला आहे. नमुना बऱ्हाणपुरातून निघाल्यापासून अहवाल न्यायालयात येईपर्यंत किती दिवस जातात, हे मोजायला दुर्बीण लागत नाही, तारखा लिहून घेतल्या तरी पुरे.

अशा लिखाणाने काय होते?

कोणी म्हणेल, विद्यार्थ्याचा प्रबंध कपाटात पडतो, त्याने काय साधते? एका महिला पत्रकाराने तुरुंगांतील जातिभेदावर २०२०मध्ये शोधवृत्त लिहिले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने मध्य प्रदेशासह अनेक राज्यांच्या तुरुंग नियमांतील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींच्या माणसाला जन्मावरून सराईत गुन्हेगार मानणारे नियमही त्यात आले. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण त्याची सावली तुरुंगाच्या नियमपुस्तकात सत्तर वर्षे राहिली. कोणीतरी बसून ती पुस्तके वाचली, म्हणून ती दिसली.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो. वर्गातले शिक्षण तुरुंगाच्या फाटकापर्यंत कसे नेता येते, हे तिथे पाहायला मिळते. आणि आपल्या राज्यात सागरचे डॉ. हरिसिंह गौर होते. स्वतः नामांकित वकील, दंड विधानावर ग्रंथ लिहिलेले. त्यांनी आयुष्याची कमाई देऊन १९४६ साली विद्यापीठ उभे केले. त्याच विद्यापीठात १९५९ साली गुन्हेगारीशास्त्र आणि फॉरेन्सिक सायन्सचा विभाग निघाला. म्हणजे हा विषय आपल्या राज्यात तेव्हापासून शिकवला जात आहे.

विद्यार्थ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी

एक, परवानगी आधी मागा. तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलायचे असेल तर तुरुंग विभागाची लेखी परवानगी लागते. महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज पहिल्याच महिन्यात गेला पाहिजे. परवानगी आली नाही तरी काम अडू नये, म्हणून विषय असा आखा की न्यायालयाच्या कागदांवरूनही पूर्ण करता येईल.

दोन, माहिती कुठे मिळते ते जाणून घ्या. जिल्हा न्यायालयांचे आदेश आणि प्रलंबित खटल्यांचे आकडे ई-कोर्ट्स आणि राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर विनामूल्य पाहता येतात. आकडेवारीसाठी २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. उत्तराला तीस दिवस लागतात आणि अपिलाला त्याहून जास्त, हे धरूनच वेळापत्रक करा. बाकी कागदांसाठी नक्कल विभाग आहेच.

तीन, उचलेगिरी करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही, आणि साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पाने लिहवून घेण्याची सोय झाली आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. जो निकाल स्वतः वाचला नाही, तो तळटीपेत घालू नका.

चार, तोंडी परीक्षेची भीती धरू नका. ज्याने स्वतः चाळीस प्रकरणे उलटली आहेत, त्याला परीक्षकापेक्षा त्या चाळीस प्रकरणांची माहिती जास्त असते. मोडक्या इंग्रजीत सांगितलेली खरी गोष्ट परीक्षकाला लगेच ओळखू येते.

घरच्यांना दोन शब्द

आता थोडे वडीलधाऱ्यांना. पेपर संपले म्हणजे शिक्षण संपले, असे आपण समजतो. मग मुलाला दुकानावर बसवतो, मुलीसाठी स्थळे पाहायला लागतो. प्रबंधाचे तीन महिने घराला दिसत नाहीत, कारण त्या काळात मूल कॉलेजात जाताना दिसत नाही. ‘घरीच तर आहेस’ असे म्हणून त्याला प्रत्येक लग्नाला आणि वास्तुशांतीला पाठवले जाते. मुलींच्या बाबतीत हे अधिक होते. लग्नाची तारीख प्रबंध सादर झाल्यावर धरली तर कोणते आभाळ कोसळणार आहे? एकदा माप ओलांडले की ती रूपरेषा पुन्हा उघडली जाणे कठीण, हे आपण सगळे जाणतो.

आपल्या शेजारच्या महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. त्यांनी विद्यापीठाकडून पुन्हा येण्याची मुदत मागून घेतली, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० साली ते परत गेले. प्रबंध दिला, परीक्षकांनी दुरुस्त्या सांगितल्या. त्यांनी त्या केल्या आणि १९२३ साली डी.एससी. मिळवली. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. तर प्रबंध छापून दिल्यावर १९२७ साली हाती आली. राहिलेले काम दहा वर्षांनीही पुरे करता येते, हे त्यांनी दाखवले. पण ज्याला थांबण्याचे कारण नाही, त्याने थांबू नये, हेही त्यातूनच शिकायचे आहे.

मंडळाने काय करावे

केवळ उपदेश करून आम्ही खाली बसणार नाही. कार्यकारिणीने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. मंडळाच्या वाचनालयात नव्या तिन्ही कायद्यांची पुस्तके आणि जुन्या कायद्यांचे संच एकत्र ठेवायचे, आणि संध्याकाळी एक खोली फक्त प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची. ज्या घरांत मोडी कागद आहेत त्यांनी ते मंडळाला वाचण्यापुरते दाखवावेत, कागद घरातच राहतील. तिसरे म्हणजे आपल्यातील वकील मंडळींनी प्रत्येकी एका विद्यार्थ्याचे पालकत्व घ्यावे. नक्कल कशी काढायची, आरोपपत्र कसे वाचायचे, एवढे शिकवले तरी निम्मा प्रबंध झाला म्हणून समजा.

आणि निवडणुकीच्या वेळी मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण एक प्रश्न विचारायचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी कायद्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला संदर्भग्रंथ मिळावेत, साक्षीदाराला आपल्या भाषेत बोलता यावे आणि फॉरेन्सिक अहवाल वेळेवर यावेत, यासाठी तुम्ही काय करणार? हा प्रश्न विचारताना हातात आपल्याच मुलांनी गोळा केलेली माहिती असेल, तर उत्तर टाळणे त्याला सोपे जाणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही ज्या दारापर्यंत पोहोचला आहात तिथे आपल्यातले फार थोडे पोहोचतात. आता शेवटचे पाऊल टाका. पुढच्या मेळाव्यात तुमचे प्रबंध या टेबलावर मांडलेले आम्हाला पाहायचे आहेत.